बांधणारं पाणी

"काशी सोडून गुहा?" माझ्या भावाने विचारलं. आत्याला परदेशात गुहा बघायला नेणार असं मी घरी जाहीर केलं त्या दिवशीची ही गोष्ट. त्याचं म्हणणं साधं होतं. आत्या सत्तरीला टेकलेली, नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेलेला, मूलबाळ नाही, सगळा जन्म माहेरच्या मिठागरात गेलेला. अशा बाईला भाचीने न्यायचंच तर काशीला न्यावं, गंगेत बुडी मारून आणावं, चार लोक नाव काढतील. परदेशच दाखवायचा तर दुबई आहे, सिंगापूर आहे. जमिनीखालच्या भोकात काय बघायचं?

"तिलाच विचार," मी म्हटलं.

आत्या सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काशीला सगलीच जातात. तितं माझं काय अडलंय?"

भाऊ गप्प बसला, पण गाव बसलं नाही. भूगोलाच्या बाई शेफारल्यात, म्हातारीला चळ लागलाय, असं बरंच काही कानावर आलं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! मी मात्र ऐकून घेणाऱ्यातली नाही. ते दिवस विमानतळाचे होते. विमानतळ अजून कागदावरच होता, पण त्याच्यासाठी आसपासची गावं उठवायच्या बैठका, मोर्चे, नकाशे जोरात चालले होते. ज्या बायकांची घरं विमानांसाठी मागत होते त्यातली एकही कधी विमानात बसली नव्हती. कोणी टोकलं की मी म्हणायचे, "एक तरी बसून येऊ दे. बाकीच्यांना सांगेल कसं असतं ते." 

पण गुहाच का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव पनवेलहून उरणकडे जाताना, जासईच्या अलीकडे. आता तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरच्या थप्प्या दिसतात. माझ्या लहानपणी त्या जागी आमचं मिठागर होतं. दिवाळी झाली की भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की लाकडी फळीने ओढून राशी घालायच्या. पाणी पुढच्या वाफ्यात सोडायची वेळ झाली की नाही, हे कळायला शेजारच्या आगरात खारेपणा मोजायची काचेची नळी होती. आमच्याकडे आत्याची जीभ होती. ती बोट बुडवायची, चाखायची, आणि सांगायची, "अजून दोन दिस." आजोबा तिच्या शब्दाबाहेर जात नसत. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही बाबतीत तिला कोणी विचारत नसे, हेही सांगून टाकते.

मी शाळेत शिकवायला नवी लागले तेव्हा ओटीवर बसून धडा मोठ्याने म्हणायची सवय होती. भूजलाचं कार्य. चुनखडीच्या प्रदेशात पाणी जमिनीखाली मुरतं, खडक विरघळवतं, गुहा कोरतं, आणि मग छतातून थेंब थेंब गळताना चुना मागे ठेवून खांब उभारतं. आत्या शेजारी सुकट निवडत होती. ती हसायला लागली.

"पानी बांधतं?" ती म्हणाली. "पानी खातं गं, बाय. बांध खातं, लोखंड खातं, पाय खातं. बांधतं कुटं?"

"तिथे बांधतं."

"मंग दाखव."

मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. ती म्हणाली, "चितार कोन पन काढील."

तेव्हापासून "मंग दाखव" हे आमच्यातलं भांडणच होऊन बसलं. मी काही शहाणपणा सांगायला लागले की आत्या विचारायची, तुझा तो पाण्याचा खांब कुठे आहे? मी वीस वर्षं तो फळ्यावर काढत होते, वरून लोंबणारा एक आणि खालून वाढणारा एक, आणि मुलं पाठ करून मार्क मिळवत होती. मी स्वतः तरी कुठे पाहिला होता?

मधल्या काळात मिठागर गेलं. जमीन घेतली गेली, भराव पडला, वर रस्ते आणि गोदामं झाली. आत्या एकदा हट्टाने बघायला गेली. मी बरोबर होते. ट्रेलरच्या धुळीत ती बराच वेळ इकडून तिकडे फिरली. आपला बांध कुठून जात होता, एवढंच तिला शोधायचं होतं, आणि ते सापडेना. घरी येताना रिक्षात म्हणाली, "चालीस वर्सं काम केलं, ते कुटं केलं ते पन मना दावता येत नाय." आत्याला रडताना मी कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यानंतर तिने खांबाची चेष्टा बंद केली. कधीतरी मधूनच खरंखरं विचारायची, "ते पडत नाय? कोन उचलून नेत नाय?" मला कळलं की हिला आता भांडण जिंकायचं नाहीये. पाण्याने मागे ठेवलेलं काहीतरी कुठेतरी उभं राहतं का, हे तिला मरायच्या आत डोळ्यांनी बघायचं होतं. मी मनात ठरवून टाकलं.

दोन हजार बाराच्या उन्हाळी सुट्टीत योग आला. पूर्व युरोपची सहल होती, आणि त्यात स्लोव्हेनिया होतं. तिथल्याच एका पठाराच्या नावावरून जगातल्या अशा सगळ्या भूभागांना कार्स्ट म्हणतात. सहलीआधी पनवेलच्या एका हॉलमध्ये सगळ्यांची बैठक झाली. सहलीचा व्यवस्थापक तरुण, गोडबोल्या. त्याने यादी वाचली: स्वेटर, कानटोपी, औषधं, आणि गुहेसाठी बंद बूट. आत वाट ओली असते, चप्पल चालणार नाही, अनवाणी तर नाहीच.

इथे आत्याच्या पायांबद्दल सांगते. खाऱ्या पाण्यात आणि मिठाच्या खड्यांत चाळीस वर्षं उभे राहिलेले पाय होते ते. तळवे पाटासारखे टणक, बोटं पंख्यासारखी फाकलेली, टाचांना जुन्या भेगा. पनवेलच्या बाजारात चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानातल्या पोऱ्याने बायकांचे सगळे बूट काढले, मग पुरुषांचे काढले, आणि शेवटी हात जोडले. शेवटी आत्यानेच मार्ग काढला. उलव्याकडे इमारतींची कामं चालली होती, तिथले मजूर ज्या दुकानातून सामान घेत तिथून तिने काळे गमबूट आणले, पुरुषांचे, नऊ नंबर. अंगणात घालून चालून दाखवलं. गुडघ्यापर्यंत कासलेलं लुगडं आणि खाली गमबूट. "झ्याक हाय," ती म्हणाली. मी पोट धरून हसले आणि तिला मिठी मारली. तेव्हा मला त्या बुटांची लाज वाटली नव्हती.

लाज विमानतळावर वाटली. तपासणीत आत्याची पिशवी उघडायला लावली आणि गमबूट टेबलावर आले. आमच्या गटात ठाण्याच्या एक बाई होत्या. त्यांनी मैत्रिणीला कोपराने ढोसलं, "अगं, भात लावायला चालल्यात वाटतं!" दोघी तोंडावर रुमाल धरून हसल्या. एकीने मोबाइलवर फोटोही काढला. मी तोंडाची फटकळ बाई, गावाला गप्प केलेली, आणि तिथे मी गमबूट पटकन पिशवीत कोंबले.  पनवेलच्या कॉलेजात गेल्यावर मी 'हाय' टाकून 'आहे' बोलायला शिकले होते. ते शिकताना आणखी काय काय शिकले, ते त्या दिवशी कळलं.

व्हिएन्नाला मी आत्यासाठी बूट घेतले, राखाडी, हलके, रुंद पंजाचे. दुकानात तिने पाय घातला, म्हणाली, "आवलतो." मी म्हटलं, "वापरलास की सैल होईल." गुहेच्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या पिशवीतून गमबूट काढले आणि हॉटेलच्या खोलीत पडद्यामागे ठेवले. दोन मिनिटांचं काम. मी स्वतःला सांगितलं की हे तिच्याच भल्याचं आहे, ओझं कमी होईल.

बसमधून बाहेरचा मुलूख दिसत होता. ज्याच्यावर मी वीस वर्षं प्रश्न काढले तो प्रत्यक्ष समोर. जमिनीतून वर आलेले पांढरट दगड, तांबडी माती, दगडांचे गडगे, आणि मधेच वाटीसारखे गोल खड्डे. त्या खड्ड्यांच्या तळाशी कोणी कोबी लावलेला, कोणी बटाटे. मी उत्साहाने आत्याला दाखवायला लागले. ती म्हणाली, "नदी कुटं हाय?"

"खाली. जमिनीच्या पोटात."

"आनि वर मानसं कोरडी?" तिने बराच वेळ बाहेर पाहिलं. "सगली माती त्या खड्ड्यात जमते, म्हनून तितंच लावतात. शानी हायेत."

हे माझ्या पुस्तकात तीन ओळींत होतं. तिला बसच्या खिडकीतून कळलं.

गुहेच्या दाराशी उतरलो तेव्हा ती लंगडत होती. बाकावर बसून तिने बूट काढले. दोन्ही करंगळ्या सोलल्या होत्या आणि पाय सुजून असे आले होते की परत आत जाईनात. तिने पिशवीत हात घातला, चाचपलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"गमबूट विसरलेत वाटतं," मी म्हटलं. चक्क खोटं बोलले, आणि डोळे दुसरीकडे वळवले.

व्यवस्थापक घड्याळ बघत आला. गुहेत आत नेणारी छोटी आगगाडी ठरल्या वेळी सुटते, आमची वेळ झाली होती. तो गोड आवाजात म्हणाला, "आजी, तुम्ही बाहेर बसा. कॅफे मस्त आहे. आत थंडी पण फार असते."

आणि मी काय म्हणाले? घरी भावाशी भांडलेली, गावाला उलट उत्तरं दिलेली मी म्हणाले, "बस ना आत्या थोडा वेळ. मी सगळे फोटो काढून आणते."

 आत्या आवाज न चढवता म्हणाली, "फोटू तुझ्या पुस्तकात पन हाय. त्याच्यासाठी एवढ्या लांब आनलीस?"

शेजारी ठाण्याच्या बाई सफरचंद सोलत होत्या. ही बाई प्रत्येक गावात सफरचंद सोलायची. आत्याने त्यांच्यापुढे हात केला, "सुरी द्या." त्यांनी गोंधळून दिली. आत्याने नवा बूट मांडीवर घेतला आणि पुढचं टोक करंगळीच्या बाजूने असं कापलं, जसं बोंबील कापावा. मग दुसरा. मग मागची टाच आत दुमडून, पायाने दाबून चपटी केली. पाय आत गेले. चार-चार बोटं बाहेर आली, ती तिने हलवून बघितली. सुरी पदराला पुसून परत दिली.

"आजी, अहो हे... बंद बूट लागतात," व्यवस्थापक म्हणाला.

"बूट नाय तर काय हाय हे?" ती उठून उभी राहिली. "मी हितं कॉफी प्यायला आलेली नाय. सरक."

तो सरकला. खरं सांगते, मीही सरकले. ती आमच्या दोघांच्या मधून चालत गेली आणि गाडीच्या पहिल्या डब्यात जाऊन बसली. मी धावत जाऊन शेजारी बसले. तिने माझ्यासाठी जागा केली.

गाडी उघडीच असते. वरचे दगड डोक्याला लागतील इतके खाली येतात, थंड वारा तोंडावर बसतो, आणि मग एकदम छत उंच जातं. गाडीतून उतरलो. दिवे लावलेले होते. मी तोंड उघडलं, धडा म्हणायला, आणि मिटलं. काय सांगणार? पांढरे, पिवळट, गेरूच्या रंगाचे खांब, कुठे वाळत घातलेल्या लुगड्यासारख्या दगडाच्या घड्या, कुठे सुतळीएवढ्या बारीक नळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब लटकलेला. फळ्यावर मी जे काढत होते ते याच्या नखाएवढंही नव्हतं. मला स्वतःचा रागच आला. वीस वर्षं मुलांना हे दोन त्रिकोण काढून शिकवत होते!

 आत्या दिसेल त्याच्यापुढे थांबायची, वर बघायची, मग खाली, मग पुन्हा वर. गट पुढे जायचा, आम्ही मागे राहायचो. कापलेल्या बुटांतून तिची बोटं ओल्या वाटेवर घट्ट रुतत होती, आणि इतर बायका कठडा धरून घसरत होत्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

कशालाही हात लावायचा नाही असं आधीच बजावलं होतं. तिने लावलाही नाही. एका ठिकाणी वरून थेंब पडत होता. ती त्याच्याखाली ओंजळ धरून उभी राहिली. एक पडला, दुसरा पडला. तळहात ओला झाला तसं तिने बोट टेकवलं आणि चाखलं.

गाइड बाई तरातरा आल्या. पाठोपाठ व्यवस्थापक, आणि त्याने इंग्रजीत सुरुवात केली, सॉरी, ही खेडेगावातली अडाणी म्हातारी आहे, तिला समजत नाही.

तिथे माझी तार सटकली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. मी मराठीत म्हटलं, "तू गप्प राहा." आणि मग त्या गाइड बाईंना माझ्या मास्तरी इंग्रजीत सांगितलं की या बाईंनी चाळीस वर्षं मीठ पिकवलंय, पाण्यात मीठ किती भरलंय ते त्या जिभेवर ओळखतात, माझ्या देशात यांच्या शब्दावर पाणी सोडायचं की अडवायचं ते ठरत असे, आणि ही इथे सगळ्यात जाणती बाई आहे, तुमच्या-माझ्यासकट. माझा आवाज गुहेत घुमला. सगळा गट वळून बघायला लागला. बघू दे म्हटलं.

गाइड बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग काय म्हणतात त्या?"

मी आत्याला विचारलं. आत्याने जीभ टाळूला लावून बघितली. "गोडं हाय. पन भरलेलं हाय. आत काय तरी हाय त्याच्या."

मी सांगितलं. गाइड बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. आता त्यांना सांगा, पुन्हा चाखायचं नाही आणि पुढे चालायचं."

आम्ही पुढे चाललो. शेवटच्या मोठ्या दालनात एक खांब होता, वरून आलेला आणि खालून गेलेला मधे मिळून एक झालेला, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. आत्या त्याच्यापुढे थांबली. आता मात्र तिने विचारायला सुरुवात केली, आणि प्रत्येक प्रश्न असा, जणू जमिनीच्या कज्जात साक्ष काढते आहे.

"ह्यो पान्याचाच?"

"पाण्याचाच."

"पावसाल्यात जात नाय?"

"नाही."

"कोन भराव टाकत नाय?"

"नाही, आत्या."

 मग ती म्हणाली, "आमी काय कमी पानी आटवलं?"

 तिच्या आवाजात तक्रार नव्हती, चीड होती, आणि ती मला फार बरी वाटली. खूप वर्षांनी ती हक्काची चीड मी तिच्या तोंडून ऐकत होते. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

"आत्या, गमबूट विसरले नव्हते. मी काढून ठेवले."

"पिशवी चाचपली तवाच कललं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू रडत बसली असतीस. गाडी सुटली असती." तिची नजर खांबावरच होती. "मी पानी बघायला आले. तुझी लाज काय, घरी बसून रोज बघते."

मागून व्यवस्थापकाची हाक आली, चला, चला, परतीची गाडी आली. आत्या हलली नाही. मग मीही हलले नाही.